बुतारे, एप्रिल १९९४ : तेरा दिवस टिकलेला नकार

कशाचा अभ्यास

रवांडातला वंशसंहार म्हटले की डोळ्यांपुढे येते ते एकाच रात्री पेटलेले राष्ट्र. ६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष जुवेनाल हाब्यारिमाना यांचे विमान किगालीवर पाडले गेले आणि त्यानंतर सगळीकडे कोयते निघाले, अशी ती समजूत. देशाच्या नकाशावर तारखा मांडल्या की ती टिकत नाही. किगाली, गिसेन्यी, किबुये, गिकोंगोरो या भागांत पहिल्या काही दिवसांतच कत्तली सुरू झाल्या. दक्षिणेकडच्या बुतारे प्रीफेक्चरचा, म्हणजे जिल्ह्याचा, बहुतांश भाग मात्र १९ एप्रिलपर्यंत शांत होता. पुढच्या आठवडाभरात याच प्रीफेक्चरची गणना देशात सर्वाधिक बळी गेलेल्या भागांमध्ये होऊ लागली.

या तेरा दिवसांत कोणी काय रोखून धरले आणि ते नेमके कसे मोडले गेले, एवढेच येथे तपासले आहे. बळी, साक्षीदार आणि सामान्य रहिवासी यांची नावे दिलेली नाहीत. नावे आहेत ती सार्वजनिक पदांवरच्या आणि न्यायालयीन नोंदींत आलेल्या व्यक्तींची.

पार्श्वभूमी : दोन शिक्क्यांमधले अंतर

रवांडातल्या दोन समाजांची, बहुसंख्य हुतू आणि अल्पसंख्य तुत्सी यांची, भाषा एक, किन्यारवांडा. धर्म एक, कुळांची नावेही बहुतेक समान. वसाहतपूर्व काळात हे भेद नव्हते असे नाही. राजदरबार, गुरे आणि सैन्य यांच्याशी असलेल्या नात्यावर ते उभे होते आणि अखेरच्या राजांच्या काळात बरेच कडकही झाले होते. पण घराण्याची स्थिती पिढ्यांमध्ये बदलू शकत होती. जर्मनांनंतर १९१६ मध्ये आलेल्या बेल्जियमने ही हालचाल थांबवली. १९३१ मध्ये त्यांनी राजा मुसिंगाला पदच्युत केले, मुखत्यारांच्या, म्हणजे स्थानिक प्रमुखांच्या, जागा जवळजवळ सर्वच तुत्सींना दिल्या आणि १९३३-३४ च्या गणनेनंतर प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जात लिहिली. दहा गायी असतील तो तुत्सी, असा नियम होता ही गोष्ट सर्रास सांगितली जाते, पण तिचा पुरावा कच्चा आहे. बहुतेकांनी स्वतः किंवा स्थानिक मुखत्याराने सांगितले तेच लिहिले गेले. खरा बदल पुढचा होता. एकदा लिहिलेले बापाकडून मुलाकडे जाऊ लागले.

सक्तीचे श्रम आणि कर वसूल करणारा माणूस तुत्सी, आदेश देणारा बेल्जियन. राग साहजिकच समोर दिसणाऱ्यावर साचला. १९५९ मध्ये बेल्जियमने कूस बदलली आणि तुत्सी मुखत्यार हटवून हुतू नेमले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून तुत्सींची घरे जळू लागली आणि हजारो लोक युगांडा, बुरुंडी आणि काँगोत गेले. १ जुलै १९६२ ला देश स्वतंत्र झाला तो याच मांडणीवर : बहुसंख्य हुतूंचे राज्य म्हणजे लोकशाही. १९६३ च्या डिसेंबरमध्ये निर्वासितांच्या एका सशस्त्र टोळीने हल्ला केला. त्याचा सूड गिकोंगोरोत हजारो तुत्सींना मारून घेतला गेला, आणि त्यात स्थानिक प्रशासनच पुढे होते. ही नोंद महत्त्वाची आहे, कारण पुढच्या तीस वर्षांत हा नमुना घटला नाही, मुरला. सीमेवर धोका दिसला की आतला तुत्सी शेजारी ओलीस.

१९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करार कोसळला आणि जवळजवळ कॉफीवरच जगणाऱ्या या देशाचे परकीय चलन आटले. १ ऑक्टोबर १९९० ला निर्वासितांच्या रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंटने (आरपीएफ) युगांडातून आक्रमण केले. दबावाखाली बहुपक्षीय राजकारण सुरू झाले, ४ ऑगस्ट १९९३ ला टांझानियातल्या अरुशा येथे सरकार आणि आरपीएफ यांच्यात सत्तावाटपाचा करार झाला. सत्ता गमावण्याच्या भीतीने राष्ट्राध्यक्षांच्या निकटच्या गटाने इंटरहाम्वे ही तरुणांची फौज उभी केली. जुलै १९९३ पासून आरटीएलएम हे रेडिओ केंद्र सुरू झाले. जानेवारी १९९३ ते मार्च १९९४ या काळात देशात सुमारे ५,८१,००० कोयते आयात झाले. कोयता हे तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरातले अवजार आहे, त्यामुळे हा आकडा एकटा काही सिद्ध करत नाही. इतर गोष्टींच्या शेजारी ठेवला की त्याचा अर्थ लागतो.

यात बेल्जियन ओळखपत्र कायम राहिले. जातीचा उल्लेख काढण्याची घोषणा १९९० च्या नोव्हेंबरमध्ये झाली होती, अरुशा करारातही ते कलम होते. अंमलबजावणी झाली नाही.

बुतारे वेगळे का होते

बुतारे हे दक्षिणेतले विद्यापीठ असलेले गाव. जुने राजपीठ न्यान्झा याच प्रीफेक्चरमध्ये. १९९१ च्या जनगणनेनुसार देशात तुत्सी ८.४ टक्के होते, बुतारेत सुमारे १७ टक्के. हुतू-तुत्सी विवाह इथे सर्वसामान्य होते. राष्ट्राध्यक्षांचा पक्ष एमआरएनडी उत्तरेचा, तर इथे जोर विरोधी समाजवादी पक्ष पीएसडीचा. २१ फेब्रुवारी १९९४ ला पीएसडीचे नेते फेलिसियन गाताबाझी यांची किगालीत हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी बुतारेच्या जमावाने जहाल हुतू पक्षाचे, सीडीआरचे, अध्यक्ष मार्टिन बुक्याना यांना ठार मारले. म्हणजे हा भाग अहिंसक होता असा गैरसमज नको. येथली फूट पक्षांची होती, जातीची कमी.

याउलट जाणारी एक गोष्ट शेजारी घडली होती. ऑक्टोबर १९९३ मध्ये बुरुंडीचे पहिले निर्वाचित हुतू राष्ट्राध्यक्ष मेल्किओर न्दादाये यांना तुत्सी अधिकाऱ्यांनी मारले. लाखो बुरुंडी हुतू सीमा ओलांडून दक्षिण रवांडात आले, आणि बुतारेतल्या छावण्यांमधल्या संतप्त तरुणांना मिलिशियाने हाताशी धरले.

प्रशासनाची उतरंड

हे समजल्याशिवाय पुढचे उलगडत नाही. देशात ११ प्रीफेक्चर आणि १४५ कम्यून. आपल्या भाषेत बोलायचे तर प्रीफेक्ट म्हणजे जिल्हाधिकारी, कम्यूनचा प्रमुख बुर्गमेस्त्र म्हणजे तहसीलदार आणि फौजदार एकाच खुर्चीत, त्याखाली सेक्टर, सेल आणि दहा घरांमागे एक प्रमुख. कोणत्या घरात किती माणसे, कोण तुत्सी, कोण पाहुणा आलाय, हे दहा घरांच्या प्रमुखाला ठाऊक. आठवड्यातला एक दिवस सर्वांनी सार्वजनिक श्रमांना जायचे, त्याचे नाव उमुगांडा. बांध घालायचे, झाडोरा तोडायचा. गैरहजेरी दंडनीय.

या उतरंडीला वरून जो आदेश मिळेल तो खाली टेकडीपर्यंत एका दिवसात पोचत असे. तीच यंत्रणा शांतता राखू शकत होती, आणि तीच माणसे मारण्यासाठी गोळा करू शकत होती. फरक पडत होता तो वरच्या आणि मधल्या खुर्च्यांवर कोण आहे याने.

बुतारेत ७ एप्रिलला या खुर्च्यांवर होते :

प्रीफेक्ट ज्याँ-बाप्तिस्त हाब्यालिमाना. मृत राष्ट्राध्यक्षांशी नाते नाही, नाव मात्र फसवे. १९९२ मध्ये विरोधी पक्षांच्या कोट्यातून आलेले, लिबरल पक्षाचे आणि देशातले एकमेव तुत्सी प्रीफेक्ट.

जाँदार्मरीचे, म्हणजे निमलष्करी पोलिसांचे, प्रमुख मेजर सिरियाक हाब्याराबातुमा. हुतू, पण कत्तलींना विरोध.

सैन्याच्या हवालदार-दर्जाच्या प्रशिक्षण शाळेचे, ईएसओचे, प्रमुख कर्नल मार्सेल गात्सिन्झी. त्यांनाही कत्तल मान्य नव्हती. पण ७ एप्रिलला त्यांची सैन्याच्या हंगामी प्रमुखपदी नेमणूक झाली आणि त्यांना किगालीला जावे लागले. बुतारेची छावणी लेफ्टनंट कर्नल थार्सिस मुव्हुन्यी यांच्याकडे आली, आणि प्रत्यक्षात दरारा चालू लागला गुप्तवार्ता सांभाळणाऱ्या कॅप्टन इल्देफॉन्स निझेयिमाना यांचा. बढतीच्या निमित्ताने पहिली खुर्ची अशी रिकामी झाली. त्या क्षणी कोणाला ते खटकले नसावे.

पेच

७ एप्रिलला पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांची आणि त्यांचे रक्षण करणाऱ्या दहा बेल्जियन शांतिसैनिकांची हत्या झाली. पंतप्रधान मूळच्या बुतारेच्याच. ९ एप्रिलला अंतरिम सरकार बसले. त्याचे राष्ट्राध्यक्ष तेओदोर सिंदिकुब्वाबो बुतारेचे, पंतप्रधान ज्याँ काम्बांडा बुतारेचे, महिला व कुटुंबकल्याण मंत्री पॉलीन न्यिरामासुहुको बुतारेच्याच. हा योगायोग लक्षात ठेवायला हवा, कारण आपल्याच प्रदेशात 'काम', म्हणजे कत्तल, होत नाही ही या तिघांसाठी राजकीय नामुष्की होती.

दरम्यान पश्चिमेकडच्या गिकोंगोरोतून जखमी आणि बेघर तुत्सी बुतारेत येऊ लागले. त्यांच्यामागे हल्लेखोरही. प्रीफेक्टपुढचा प्रश्न असा : हजारो विस्थापित, हाताशी मोजके जाँदार्म, सैन्यावर अधिकार शून्य, वर असे सरकार जे गप्प बसून आहे, आणि रेडिओवर रोज वाढत जाणारी चिथावणी.

पहिली भेग दक्षिण-पश्चिमेला न्याकिझू कम्यूनमध्ये पडली. तिथले बुर्गमेस्त्र लादिस्लास न्तागान्झ्वा यांनी १९९३ पासूनच आपले स्वतंत्र संस्थान थाटले होते आणि प्रीफेक्टचे ऐकणे केव्हाच सोडले होते. गिकोंगोरोचे आणि आसपासचे लोक सियाहिंडा चर्चमध्ये जमले. १५ एप्रिलपासून तिथे हल्ला झाला, कम्यूनच्या पोलिसांच्या आणि जाँदार्मांच्या बंदुकांसह. तो काही दिवस चालला. प्रीफेक्ट स्वतः तिकडे धावले, पण त्यांच्या शब्दाला तिथे किंमत नव्हती. उरलेल्या प्रीफेक्चरमध्ये होती.

समोरचे पर्याय

मागाहून पाहता प्रीफेक्टपुढे चार वाटा दिसतात. त्या सारख्या वजनाच्या नव्हत्या.

किगालीशी जुळवून घेणे. ११ एप्रिलला सरकारने प्रीफेक्टांची बैठक बोलावली. हाब्यालिमाना गेले नाहीत. न जाण्यात धोका होता आणि जाण्यात कदाचित त्याहून मोठा, कारण तोवर किगालीच्या नाक्यांवर ओळखपत्र पाहून माणसे मारली जात होती. गैरहजेरीचा परिणाम मात्र असा झाला की सरकारच्या यादीत बुतारेचे नाव 'असहकारी' म्हणून पक्के झाले.

बुतारेत शांतता राखणे. त्यांनी हीच वाट धरली. सुरक्षा बैठका घेतल्या, बुर्गमेस्त्रांना हिंसा रोखण्याचे आदेश दिले, हल्लेखोरांना अटक करायला लावली, हाब्याराबातुमांच्या जाँदार्मांना गस्तीवर पाठवले. कित्येक कम्यूनमध्ये हुतू आणि तुत्सी मिळून रात्रीचे पहारे देत होते आणि गिकोंगोरोच्या टोळ्या परतवून लावत होते. ही वाट चालत होती. तिचा पाया एकच : प्रीफेक्टची सही अजून वैध आहे.

तुत्सींना बुरुंडीत पोचवणे. दक्षिण सीमेवरची अकान्यारू नदी बुतारे गावापासून फार दूर नाही, आणि पहिल्या दिवसांत काही हजार लोक ती ओलांडून वाचलेही. पण संपूर्ण प्रीफेक्चरमधले लाखाच्या घरातले लोक हलवायचे तर वाहने आणि संरक्षण लागणार होते. वाटेत न्याकिझूसारखी कम्यून आणि बुरुंडी निर्वासितांच्या छावण्या होत्या. शिवाय प्रीफेक्टनेच पळ काढायला सांगितले की शांततेचा दावा संपला. जो शांतता टिकेल असे म्हणतो, त्याला लोकांना जा असे सांगता येत नाही. या कोंडीतून सुटका नव्हती.

सशस्त्र प्रतिकार. किबुयेतल्या बिसेसेरोच्या टेकड्यांवर तुत्सींनी दगड-भाल्यांनी आठवडेच्या आठवडे झुंज दिली, हे नंतर दिसले. बुतारेत त्याची तयारी नव्हती, आणि सरकारी पदावरच्या तुत्सीने शस्त्रे वाटली असती तर 'आरपीएफचा हस्तक' हा आरोप त्याच दिवशी खरा ठरवला गेला असता.

बाहेरच्या मदतीचा पर्याय प्रीफेक्टच्या हाती नव्हता. परदेशी नागरिकांचे काफिले दुसऱ्या आठवड्यात याच बुतारेतून बुरुंडीकडे निघून गेले होते.

१६ ते १९ एप्रिल : कुलूप कसे तोडले

इथे तारखा ओळीने वाचाव्यात.

१६-१७ एप्रिलच्या सुमारास सरकारने गात्सिन्झींना सैन्याच्या प्रमुखपदावरून काढले आणि कट्टर ऑगस्टिन बिझिमुंगूंना बसवले. १७ तारखेला रेडिओवरून बुतारेच्या आणि पूर्वेकडच्या किबुंगोच्या प्रीफेक्टांना हटवल्याचे जाहीर झाले. याच दिवसांत हाब्याराबातुमांची बदली किगालीच्या आघाडीवर झाली. १८ एप्रिलला पंतप्रधान आणि मंत्र्यांनी शेजारच्या गितारामात बुर्गमेस्त्रांची बैठक घेतली. तिथेही प्रीफेक्ट आणि बरेच बुर्गमेस्त्र हिंसेला अडवत होते. तिथल्या ताबा कम्यूनचे बुर्गमेस्त्र ज्याँ-पॉल अकायेसू तोवर हल्लेखोरांना रोखत होते. त्या बैठकीनंतर ते फिरले. वंशसंहाराच्या गुन्ह्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी ठरवलेला पहिला माणूस हाच, २ सप्टेंबर १९९८.

१९ एप्रिलला बुतारेच्या सभागृहात नवे प्रीफेक्ट सिल्व्हँ न्साबिमाना यांचा पदग्रहण समारंभ झाला. ते पीएसडीचे, स्थानिक, शेतीतज्ज्ञ. निवड विचारपूर्वक होती. बाहेरचा जहाल माणूस आणला असता तर विरोध झाला असता. समोर सगळे बुर्गमेस्त्र, मंचावर पंतप्रधान आणि मंत्री. सिंदिकुब्वाबोंनी भाषण केले ते रेडिओवरूनही ऐकवले गेले. त्यांनी 'मारा' म्हटले नाही. 'न्तिबिंदेबा', म्हणजे 'मला काय त्याचे' म्हणत स्वस्थ बसणाऱ्यांना त्यांनी धारेवर धरले. ज्यांना काम करायचे नाही त्यांनी बाजूला व्हावे आणि करणाऱ्यांना करू द्यावे, हा त्याचा गाभा. 'काम', किन्यारवांडात 'गुकोरा', हा शब्द १९५९ पासून काय सुचवत होता हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत होते. उमुगांडाच्या दिवशी झाडोरा साफ करायला बोलावतात तोच शब्द.

या चार दिवसांत बाहेरून दिसण्यासारखे असे काय झाले? एक बढती, एक बदली, दोन बडतर्फ्या, एक पदग्रहण समारंभ. सगळे कागदोपत्री नियमात बसणारे. वंशसंहाराची पूर्वसूचना शोधणाऱ्यांची नजर शस्त्रसाठ्यांवर आणि भाषणांवर असते. बुतारेत सूचना राजपत्राच्या भाषेत आली होती.

२० एप्रिलनंतर : पद्धत बदलत गेली

वंशसंहार ही एकच क्रिया नसते, हे बुतारेत आठवड्यागणिक दिसते.

सुरुवात सैनिकांनी केली, ठरावीक माणसांपासून. २० एप्रिलला राजा मुतारा तिसरे यांच्या वयोवृद्ध विधवा राणी रोझाली गिकांडा यांना ईएसओच्या सैनिकांनी घरातून नेऊन मारले. त्यांना हात लागला तर कोणालाही लागू शकतो, हा संदेश सगळ्यांना कळला. पुढच्या दोन दिवसांत विद्यापीठाचे प्राध्यापक, विद्यार्थी, व्यापारी यांच्या घरांवर सैनिक याद्या घेऊन गेले. विद्यापीठ रुग्णालयात रुग्ण आणि कर्मचारी मारले गेले, आणि एमएसएफ या वैद्यकीय मदत संस्थेच्या परदेशी पथकाला तिथून निघून जावे लागले.

मग जमावाची पाळी. लोक चर्च, शाळा, कम्यूनची कार्यालये, टेकड्या येथे एकत्र जमले होते. १९५९ आणि १९६३ मध्ये चर्चने आसरा दिला होता, तिथे घुसून कोणी मारले नव्हते, म्हणून या वेळीही पाय तिकडेच वळले. हल्लेखोरांना ते माहीत होते. काही ठिकाणी तर अधिकाऱ्यांनीच लोकांना एकत्र जमवले. गिसागाराचे उप-प्रीफेक्ट दोमिनिक न्तावुकुरिर्यायो यांनी बाजारात जमलेल्या विस्थापितांना काबुये टेकडीवर जा, तिथे संरक्षण आणि अन्न मिळेल, असे सांगितले. २३ एप्रिलपासून त्या टेकडीवर गोळ्या आणि कोयते चालले. ठरीव क्रम असा : आधी बंदूकधारी पोलीस किंवा सैनिक, बॉम्ब फेकून प्रतिकार मोडायचा, मग कोयतेवाले नागरिक. बंदुकांशिवाय बऱ्याच ठिकाणी जमाव दगडांपुढे मागे हटला होता. म्हणून 'शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारले' हे अर्धेच खरे आहे. शेजाऱ्यांच्या पुढे बहुतेक वेळा गणवेश होता.

एप्रिल संपता संपता सरकारने 'शांतता प्रस्थापित' झाल्याचे जाहीर केले. आंतरराष्ट्रीय टीका वाढली होती आणि जमावाची लुटालूट हाताबाहेर जात होती. मोठ्या कत्तली कमी झाल्या. पण शांततेची घोषणा ऐकून केळीच्या बागांतून आणि लव्हाळ्यांच्या दलदलीतून बाहेर आलेले अनेक लोक नाक्यांवर पकडले गेले. यापुढचे काम संथ आणि कारकुनी होते : सुरक्षा समित्या, नाक्यांच्या पाळ्या, 'नागरी आत्मसंरक्षण' नावाचे प्रशिक्षण, मृतांच्या जमिनीचे वाटप. तोवर वगळलेल्या स्त्रिया, मुले, हुतू नवऱ्यांच्या तुत्सी बायका यांच्याकडे मोर्चा वळला तो या टप्प्यात.

बुतारेच्या प्रीफेक्चर कार्यालयाच्या अंगणात मे-जूनमध्ये शेकडो विस्थापित, बहुतांश स्त्रिया आणि मुले, उघड्यावर बसून होते. सरकारी कार्यालयापेक्षा सुरक्षित जागा कोणती, असा त्यांचा हिशेब. रात्री गाडी येई आणि माणसे निवडून नेली जात. मंत्री न्यिरामासुहुको आणि त्यांचा मुलगा आर्सेन शालोम न्ताहोबाली यांनी तिथे हत्या आणि बलात्कारांचे आदेश दिले, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. एका मंत्र्याने आपल्याच गावच्या कचेरीच्या अंगणात रात्री उभे राहणे, याचे स्पष्टीकरण 'जुन्या जातिद्वेषात' सापडत नाही.

३ जुलैला आरपीएफने बुतारे घेतले.

फलित

देशभरातील बळींची संख्या अभ्यासक सुमारे पाच लाखांपासून, संयुक्त राष्ट्रे आठ लाखांपर्यंत आणि रवांडा सरकार दहा लाखांहून अधिक मानतात. कालावधी साधारण शंभर दिवस, पण त्यातला मोठा वाटा पहिल्या काही आठवड्यांतला.

प्रीफेक्ट हाब्यालिमानांना नंतर अटक करून ठार मारण्यात आले. त्यांचे कुटुंबही वाचले नाही. किबुंगोच्या बडतर्फ प्रीफेक्टांचेही तेच झाले. काम्बांडांनी अरुशातील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे गुन्हा कबूल केला आणि १९९८ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. न्यिरामासुहुको आणि न्साबिमाना यांच्यासह सहा आरोपींवरचा, 'बुतारे षटक' म्हणून ओळखला गेलेला खटला २००१ मध्ये सुरू झाला, निकाल जून २०११ मध्ये आणि अपील डिसेंबर २०१५ मध्ये. न्यिरामासुहुको यांची जन्मठेप अपिलात ४७ वर्षांवर आली. वंशसंहारासाठी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी ठरवलेली ती पहिली स्त्री. निझेयिमाना यांची जन्मठेप ३५ वर्षांवर आली. न्तागान्झ्वा २०१५ मध्ये काँगोत पकडले गेले आणि २०२० मध्ये रवांडात त्यांना जन्मठेप झाली. टेकड्यांवरच्या सामान्य हल्लेखोरांची प्रकरणे गाचाचा या गावसभांच्या न्यायालयांकडे गेली. २०१२ मध्ये ती बंद झाली तेव्हा सुमारे १९ लाख प्रकरणे निकाली निघाली होती.

वेगळे काय करता आले असते

प्रीफेक्टच्या पातळीवर फारसे नाही, असे आमचे मत. एक गोष्ट मात्र तपासण्याजोगी आहे. १७ तारखेची बडतर्फी आणि २० तारखेची कत्तल यांच्यामध्ये तीन दिवस होते. बडतर्फीचा अर्थ त्याच रात्री 'आता पळा' असा लावला गेला असता, तर अकान्यारूकडे जाणारी संख्या वाढली असती. पण लोकांनी रक्षक गेला असे न मानता बदली झाली असे मानले, आणि नवा माणूसही स्थानिक पीएसडीचाच होता. धीर देणारी प्रत्येक गोष्ट त्या तीन दिवसांत उलटी काम करत होती.

मधल्या फळीत, म्हणजे बुर्गमेस्त्र आणि अधिकाऱ्यांच्या स्तरावर, जागा जास्त होती. १९ एप्रिलच्या सभागृहातून बाहेर पडलेले सगळेच सारख्या वेगाने फिरले नाहीत. काहींनी चार-पाच दिवस चालढकल केली. उत्तरेकडच्या ब्युंबातली गिती ही कम्यून वंशसंहारातून वाचली. तिथल्या बुर्गमेस्त्रांनी पहिल्या दिवसांत हल्लेखोरांना अटक केली, आणि मग आरपीएफ लवकर पोचले. चालढकलीला बाहेरून कोणी येऊन मिळते तेव्हाच ती माणसे वाचवते. बुतारेकडे आरपीएफ अडीच महिन्यांनी आले.

बाहेरच्यांसाठी तारखा अधिक बोचऱ्या आहेत. २१ एप्रिलला, राणी गिकांडांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, सुरक्षा परिषदेने ठराव ९१२ करून रवांडातले सुमारे अडीच हजारांचे शांतिदल २७० वर आणायचे ठरवले. त्या वर्षी रवांडा स्वतः परिषदेचा अस्थायी सदस्य होता, म्हणजे कत्तल चालवणाऱ्या सरकारचा प्रतिनिधी चर्चेला बसलेला होता. गितारामा आणि बुतारेत सरकारला अजून अधिकाऱ्यांचा विरोध मोडावा लागत होता, तेव्हाच परदेशी सैन्य निघून जात आहे हे सगळ्यांना दिसत होते. टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला त्याहून स्पष्ट उत्तर मिळू शकत नाही.

रेडिओ बंद पाडण्याचा पर्याय अमेरिकेच्या संरक्षण खात्याने तपासला. विमानातून रेडिओलहरी अडवायला तासाला सुमारे ८,५०० डॉलर लागतील, तो महाग आणि कायद्याच्या दृष्टीने अडचणीचा आहे, असा शेरा मे महिन्याच्या सुरुवातीला मारला गेला. बुतारेपुरते बोलायचे तर तोवर उशीर झाला होता. १९ एप्रिलचे भाषण सरकारी रेडिओवरून गेले, आरटीएलएमवरून नव्हे. ते अडवायला तांत्रिक उपाय पुरला नसता. ते सरकार मान्य नाही, असे कोणीतरी म्हणायला हवे होते.

न्साबिमाना यांच्या शिक्षेबद्दल शेवटी. ते हत्यारा म्हणून दोषी ठरले नाहीत. कचेरीच्या अंगणातल्या लोकांचे रक्षण करणे प्रीफेक्ट म्हणून त्यांचे कायदेशीर कर्तव्य होते आणि ते त्यांनी केले नाही, यासाठी त्यांना २५ वर्षे झाली, अपिलात ती १८ वर आली. जूनमध्ये काही शे मुलांना बुरुंडीत पोचवण्याच्या कामाला त्यांनी मदत केली होती, हेही त्याच खटल्यात समोर आले. १७ जूनला सरकारने त्यांनाही हटवले आणि त्या खुर्चीवर लेफ्टनंट कर्नल आल्फॉन्स न्तेझिर्यायो यांना बसवले.